खुब्याच्या आत

हाड कापल्याशिवाय त्याच्या आतलं दिसत नाही, आणि एकदा कापलं की त्याने किती भार पेलला असता हे कधीच कळत नाही. माझ्या कामाची सगळी वर्षं या अडचणीभोवती गेली. हाडाची ताकद मोजायची तर आधी त्याच्या आतली बारीक काड्यांची जाळी अखंड पाहायला हवी, मग त्यावर भार टाकून ते मोडायला हवं, आणि नेमकं कुठे मोडलं ते पुन्हा पाहायला हवं. सुरीने हे होत नाही. क्ष-किरणांनी होतं, पण एका फोटोत नाही. हाड थोडं थोडं फिरवत शेकडो फोटो काढावे लागतात आणि नंतर पुष्कळ गणित करावं लागतं.

या कामाबद्दल आपल्याकडच्या माणसांसाठी लिहावं असं कधीपासून मनात होतं. मावशीच्या रिपोर्टने आता लिहायलाच लावलं.

मावशी गिरणाकाठच्या गावात राहते. वय सत्तरीच्या पुढे, उंची पाच फुटांना बरीच कमी, आणि मनगट इतकं बारीक की बांगड्या भरताना कासारीण लहान मुलीचं माप काढते. त्याच मनगटांनी तिने जन्मभर कपाशी वेचली, विहिरीचं पाणी ओढलं, चाऱ्याचे भारे डोक्यावर चढवले. पाठ फार दुखायला लागली म्हणून मावसभावाने तिला जळगावला नेलं आणि डेक्सा काढला. रिपोर्टवर लाल पट्ट्यात एक काळा ठिपका, शेजारी आकडा : उणे २.८. हाडं ठिसूळ झाली आहेत, जपून राहा, असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. मी गेले तेव्हा तिने कपाटातून पिशवी काढली, कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मन्हा हाडं आते मोडी जातीन का वं बाई?"

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मला दुपारभर लागलं, आणि तरी ते पुरतं देता आलं नाही. का, ते इथे सांगते.

डेक्सा म्हणजे दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी घेतलेली हाडाची सावली. दोन ऊर्जा वापरल्यामुळे मांस वेगळं काढता येतं आणि हाडातल्या खनिजाचं वजन कळतं. हे वजन सावलीच्या क्षेत्रफळाने भागतात. म्हणजे उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला इतके ग्रॅम. इथेच गोम आहे. हाड घन आहे, आणि आपण त्याला चौरसाने भागलं. त्याची जाडी या हिशेबात कुठेच आली नाही.

मावशीला मी चुन्याच्या दोन ठोकळ्यांचं उदाहरण दिलं. दोन्ही एकाच मालाचे, एक घन सेंटिमीटरला एक ग्रॅम वजनाचे. एकाची बाजू २ सेंटिमीटर, दुसऱ्याची ३. लहान ठोकळ्याचं वजन ८ ग्रॅम, सावली ४ चौरस सेंटिमीटर, भागाकार २. मोठ्याचं वजन २७ ग्रॅम, सावली ९; भागाकार ३. माल तोच, घट्टपणा तोच, पण यंत्र म्हणणार की लहान ठोकळा कमकस. लहानखुऱ्या बाईच्या हाडाचं असंच होतं. तिचं हाड बारीक आहे एवढंच खरं असलं, तरी आकडा मात्र ते विरळ आहे असं सांगतो.

त्यात तो आकडा कुणाशी ताडून काढला हेही पाहायला हवं. रिपोर्टवरच्या त्या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात, म्हणजे तुमचं हाड तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून किती खाली आहे त्याचं माप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये उणे २.५ ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, रेषा आखली, ती गोऱ्या स्त्रियांच्या आकड्यांवरून. खुब्याच्या हाडासाठी आजही जगभर जी तुलना सुचवली जाते, ती अमेरिकेत १९८८ ते १९९४ दरम्यान झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणातल्या विशीतल्या गोऱ्या तरुणींशी. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय स्त्री-पुरुषांसाठी वेगळे प्रमाण-आकडे काढले. पण यंत्रात कुठली तुलना भरून ठेवली आहे हे रुग्णाला कोण सांगतं? रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. मावशीच्या रिपोर्टवरही होतं : श्वेतवर्णीय स्त्री. गिरणाकाठच्या माझ्या लहानखुऱ्या मावशीला अमेरिकेतल्या तरुणीशेजारी उभं करून मापलं होतं, तेही सावलीत.

यावरून आपल्या बायकांची हाडं चांगलीच आहेत असा अर्थ कुणी काढू नये. मावशीचं ड जीवनसत्त्व तपासलं, ते फार कमी निघालं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो, आणि त्या उन्हात शेतात राबणाऱ्या बाईला ड जीवनसत्त्व कमी, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. कपाशी वेचणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोकं-तोंड पदराने घट्ट बांधते. कातडीला ऊन लागतच नाही. घरचं दूध डेअरीला जातं. ज्वारीत कॅल्शियम थोडंच. नागलीत, म्हणजे नाचणीत, भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण नागली साक्री-नवापूरकडच्या डोंगराळ भागात, इकडे काळ्या जमिनीच्या गावांत ती क्वचितच. तेव्हा मावशीचं हाड बारीकही असेल आणि विरळही असेल. दोन्हींतलं खरं काय आणि किती, हे सावलीवरून वेगळं करता येत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. गोळ्या बंद कर असं मी तिला मुळीच सांगितलं नाही. ड जीवनसत्त्वाचं औषध सुरू केलं, मोरीतला शेवाळलेला दगड बदलायला लावला आणि रात्री उठताना दिवा लावायचं तिच्याकडून कबूल करून घेतलं. या वयात खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे.

हाडाची ताकद माल किती आहे यावर जेवढी ठरते, तेवढीच तो कसा रचला आहे यावर. आमचं जुनं घर धाब्याचं होतं. वर मातीचं जाड छत, खाली लाकडाच्या तुळया आणि खांब. सगळ्या तुळया थोड्या थोड्या तासून बारीक केल्या तर घर कुरकुरेल, पण उभं राहील. तेवढंच लाकूड दोन खांब काढून कमी केलं तर पहिल्या मोठ्या पावसात छत खाली येईल. वजनकाट्यावर दोन्ही घरांचं लाकूड सारखंच भरेल. म्हाताऱ्या हाडात या दोन्ही गोष्टी घडतात. पुरुषांत जाळीच्या काड्या बहुधा बारीक होत जातात. पाळी गेलेल्या स्त्रियांत हाड खाणाऱ्या पेशी इतकं खोल खणतात की काड्या आरपार तुटतात. बारीक झालेली काडी पुन्हा भरून येऊ शकते. अशी खणून नाहीशी झालेल्या काडीच्या जागी नवं हाड बसवायला शरीराजवळ आधारच उरत नाही.

या रचनेतलं गणित ओळखलं एका इंजिनिअरने. १८६६ मध्ये झुरिकला हेर्मान फॉन मायर हे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होते. तिथे कार्ल कुलमान हे पुलांचे नि यारींचे गणित शिकवणारे इंजिनिअर बसले होते. खुब्याच्या गोळ्यापासून खाली उतरणाऱ्या त्या कमानी पाहून त्यांना आपण यारीच्या आकृतीत काढलेल्या ताणाच्या रेषा आठवल्या. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी मांडलं की हाड भाराप्रमाणे स्वतःला नव्याने रचतं. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्या माणसांना शिडशिडीत म्हणून कुणी कमी लेखू नये. वीस-पंचवीस किलोचा घड दिवसभर डोक्यावरून बांधावरच्या ट्रकपर्यंत न्यायचा, तर मणक्यापासून घोट्यापर्यंतच्या प्रत्येक हाडातली जाळी त्या भाराच्या दिशेने वळलेली असणार. भार नसला की उलट होतं. अंतराळात राहणाऱ्या माणसाच्या खुब्यातलं खनिज महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरतं. आपल्या हाडांतलं साधारण दहा टक्के हाड दर वर्षी मोडून नवं बांधलं जातं. खणायला तीनएक आठवडे, भरायला तीन-चार महिने. खड्डा पडतो लवकर, बुजतो सावकाश. म्हातारपणी हे अंतर अंगाशी येतं.

मी या विषयाकडे भौतिकशास्त्रातून आले. चाळीसगावला कॉलेजात होते तेव्हा क्ष-किरणांचा धडा मला फार आवडायचा. ८ नोव्हेंबर १८९५ ला व्युर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत रोंटगेन यांना ते किरण दिसले, आणि डिसेंबरच्या २२ तारखेला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला : बोटांची हाडं आणि एका बोटात अंगठी. जगातला बहुतेक पहिलाच असा फोटो, आणि तो हाडांचाच. याच कॉलेजच्या काळात आम्ही पाटणादेवीला सहलीला जायचो. तिथल्या शिलालेखाची तेव्हा ओळख झाली. १२०७ सालचा तो लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापन केला. आठशे वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या त्या डोंगरांच्या कुशीत विद्यार्थी बसून गणित शिकत होते, या गोष्टीने मला तेव्हा जे बळ दिलं ते पुढे पुण्यात, अनोळखी मुलामुलींत, अनेकदा कामी आलं.

पुण्यात प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा हाडाची जाळी बघायची एकच रीत होती. हाडाचा तुकडा प्लास्टिकमध्ये बसवायचा, तो घट्ट व्हायला आठवडे जायचे, मग पात्याने केसाहून पातळ चकत्या काढायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. हात बसेपर्यंत चकत्या फाटायच्या, गुंडाळायच्या. या कामाने मला हाडाचा आदर करायला शिकवलं. हाड खाणाऱ्या पेशीने कुरतडलेली कड आणि तिच्या मागून नव्या हाडाचा थर घालणाऱ्या पेशींची रांग एकाच चकतीत दिसते, तेव्हा मी पुष्कळ वेळ डोळा लावून बसायचे. रंगवलेली चकती आजही जे दाखवते ते कुठलंही स्कॅन दाखवत नाही, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. पण चकतीत एक प्रश्न सुटत नाही. काडी मध्येच संपलेली दिसली तर ती खरंच तुटली आहे, की चकतीच्या पातळीतून बाहेर वळून पुढे गेली आहे? चपट्या चित्राला याचं उत्तर देता येत नाही. आणि हाडाचं मोडणं-न मोडणं तर नेमकं त्यावरच ठरतं.

त्याचं उत्तर त्रिमितीत होतं, आणि त्रिमितीचं गणित आधीपासून तयार होतं. योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच दाखवून दिलं होतं की एखाद्या वस्तूच्या सगळ्या बाजूंनी घेतलेल्या सावल्या हातात असतील तर वस्तू पुन्हा उभी करता येते. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ते यंत्रात उतरवलं. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या अॅटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचं सीटी स्कॅन झालं. एका अंशाने फिरवत १८० कोन, प्रत्येक कोनात १६० नोंदी, म्हणजे २८,८०० नोंदींमधून ८० गुणिले ८० चौकटींचं एक चित्र.

त्याच १९७१ सालात एक छोटा शोधनिबंध छापून आला, आणि त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज अजून चढतो. लेखक होते गो. ना. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. सगळ्या कोनांतल्या सावल्या नुसत्या उलट पसरून एकावर एक टाकल्या तर चित्र तयार होतं, पण धुरकट. या दोघांनी सांगितलं की पसरण्याआधी प्रत्येक सावलीला एका ठरावीक सूत्रातून काढा, म्हणजे तिच्या कडा तीव्र होतील, आणि मग पसरा. धूर निघून जातो, आणि संगणकाचं कामही पूर्वीच्या पद्धतींपेक्षा खूप कमी होतं. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ मध्ये याच वाटेची कल्पना मांडली होती, हेही सांगायला हवं. पण क्ष-किरणांच्या सावल्यांसाठी ती या निबंधाने घडवली. आजही सीटीचं सॉफ्टवेअर शिकवताना जो पहिला फिल्टर सांगतात तो राम-लॅक, या दोघांच्या नावांचा. १९७९ चं नोबेल सीटीसाठी कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळालं, ते योग्यच मिळालं. रामचंद्रन यांना ते कुठल्याच कामासाठी मिळालं नाही, आणि मला ते लागतं.

लागतं ते यासाठीही की हाडाचा मूळ धागा उलगडला तोही त्यांनीच. हाडात वजनाने साठ-सत्तर टक्के खनिज असतं. उरलेल्यात पाणी आणि प्रथिनं, आणि त्या प्रथिनांतलं नव्वद टक्के एकटं कोलॅजन. खनिजाने हाड कडक होतं, कोलॅजनने चिवट. १९५२ मध्ये, वयाची तिशी गाठताना, रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलॅजनची रचना कुणालाच नीट सुटलेली नाही हे त्यांच्या कानावर आलं, तेव्हा ते शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत नमुना मागायला गेले. क्ष-किरणांना सगळ्यात स्वच्छ उत्तर दिलं कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाने. गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर त्यांनी १९५४-५५ मध्ये तीन पदरांच्या पिळाची रचना मांडली : प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल, कारण पिळाच्या मध्यभागी मावेल असं दुसरं काही नाहीच. एका माणसाने हाडाचा धागाही सोडवला आणि हाड न कापता आत बघायचं गणितही दिलं, आणि ती दोन कामं एकमेकांसाठी केलेलीही नव्हती. मी ज्या खोलीत बसून काम केलं तिथे ती एकत्र आली होती. शाळांमध्ये बोलायला गेले की मी रामचंद्रन यांचं नाव फळ्यावर लिहून मगच बोलायला सुरुवात करते.

हाडांच्या जाळीचं त्रिमितीतलं पहिलं चांगलं चित्र कुठून आलं तर मोटारीच्या कारखान्यातून. फोर्ड कंपनीत ली फेल्डकॅम्प आणि त्यांचे सहकारी यंत्राच्या भागांतले आतले दोष शोधत होते. त्यासाठी शंकूसारख्या पसरणाऱ्या किरणांचं गणित त्यांनी १९८४ मध्ये सोडवलं, आणि १९८९ मध्ये हाडाच्या अभ्यासकांबरोबर तेच यंत्र हाडावर वापरलं. आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोसीटी, म्हणजे लहान नमुन्यांचं सीटी यंत्र, आलं ते याच गणितावर चालणारं. इस्पितळात माणूस स्थिर असतो, क्ष-किरणांची नळी भोवती फिरते. इथे नळी स्थिर, आणि हाडाचा तुकडा एका छोट्या खांबावर अंशाअंशाने फिरतो. एका नमुन्याला काही तास लागतात. तुकडा जरासा जरी सुकून हलला तर काड्यांना दुहेरी कडा येतात आणि रात्र वाया जाते.

नमुने येत ते शस्त्रक्रियेच्या खोलीतून. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा गोळा बदलतात तेव्हा काढलेला गोळा, घरच्यांची संमती असेल तर, आमच्याकडे यायचा. मी डबा हातात घेताना नेहमी दोन्ही हात लावायचे. एकदा एका आजींचा गोळा स्कॅन करून सकाळी पडद्यावर उघडला. नाव आम्हाला कळत नसे, फक्त वय आणि लिंग. जाळी फार विरळ होती. फिरवत फिरवत आत जात होते, तर काही काड्यांच्या मध्यावर गाठी दिसल्या, काडीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. या गाठींबद्दल वाचलं होतं, पण पूर्ण गोल, चहूबाजूंनी, अशा कधी पाहिल्या नव्हत्या. काडी खणली न जाता भाराने तुटली की तुटलेल्या टोकांभोवती शरीर नवं हाड घालतं, मोठं हाड जुळताना घालतं तसंच, पण मिलिमीटरच्या अंशात. म्हणजे तो खुबा मोडण्याआधी आत कितीतरी काड्या तुटल्या होत्या आणि पुन्हा जुळल्या होत्या. त्या बाईला त्याचा पत्ताही नसेल. ती चालत होती, पाणी भरत होती, नातवंडांना कडेवर घेत होती, आणि आत दुरुस्ती चालू होती. मी ते चित्र खूप वेळ बंदच केलं नाही. जे मोजायचं होतं त्यात गाठींसाठी रकानाच नव्हता, तो त्या दिवशी आम्ही वाढवला.

मोजायच्या रीतीही सुंदर आहेत. काडीची जाडी मोजायला तिच्यात प्रत्येक ठिकाणी मावेल तेवढा मोठा गोल बसवायचा. त्या गोलांचा व्यास म्हणजे जाडी. हिल्डेब्रांट आणि रुएगसेगर यांची ही १९९७ ची युक्ती. काड्या साधारण १०० ते २०० मायक्रॉनच्या असतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाळी किती जोडलेली आहे याला गणितज्ञ ऑयलर यांच्या जुन्या सूत्राचा आधार : जाळीचे दोन तुकडे न पडता जास्तीत जास्त किती काड्या तोडता येतील? हा प्रश्न विचारता आला आणि मला चकतीच्या काळापासून छळणारी शंका मिटली.

हाडं नव्या माणसांचीच असावी लागतात असं नाही. आमच्या भागात बहाळला १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं, आणि गिरणेपलीकडे टेकवाड्याला ताम्रपाषाण काळातली दफनं मिळाली. अशी हाडं कापायला कुणी देत नाही, देऊही नयेत. पण आता ती न कापता उघडता येतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी याच नदीचं पाणी वाहणाऱ्या बायकांच्या मानेच्या मणक्यात जाळी कशी होती, हे कुणीतरी बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

नंदुरबारकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात रक्तपेशी वाकड्या होऊन बारीक वाहिन्या तुंबतात, खुब्याच्या गोळ्याचं रक्त बंद होतं आणि हाड आतून मरतं. विशी-तिशीतली पोरं लंगडत येतात. साध्या फोटोत ते दिसेपर्यंत गोळा बसलेला असतो. तिथे एमआरआय लवकर मिळणं यासारखी दुसरी गरज नाही.

मग गावाकडच्या बाईच्या हाडाची जाडी मोजायची कशी? मनगटाच्या आणि नडगीच्या हाडाची जाळी जिवंत माणसात दाखवणारं यंत्र आहे. नव्या यंत्राच्या चित्राचा कण ६१ मायक्रॉनचा, किरणांचा डोसही अगदी थोडा. चिनी वंशाच्या स्त्रियांच्या अशा चित्रांनी दाखवलं की त्यांची हाडं लहान असली तरी वरचं कवच आणि आतल्या पट्ट्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जाड आहेत. त्यांचे खुबे कमी मोडतात याचं कोडं त्यामुळे बरंचसं सुटलं. आपल्या बायकांमध्ये तसं आहे की नाही, हे गृहीत धरायचा अधिकार कुणालाच नाही, पाहावं लागेल. पण ते यंत्र महाग, आणि खुब्यापर्यंत पोचत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात आज करता येईल असंही काही आहे. १९७० मध्ये सिंग, नागरथ आणि मैनी यांनी खुब्याच्या साध्या एक्स-रेतल्या जाळीच्या रेषा पाहून सहा पायऱ्या ठरवल्या. सहावी म्हणजे सगळ्या रेषा शाबूत. मग त्या एका ठरावीक क्रमाने पुसट होत जातात. ही मोजणी ढोबळ आहे, दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही, म्हणून आता मागे पडली. तरी डेक्सा नसलेल्या गावी फोटो उजेडाला धरून त्या रेषा बघायला काय हरकत आहे? मी मावशीचा फोटो धरून पाहिला. मुख्य कमान ठळक होती. हे तिला सांगितलं, आणि रिपोर्ट खोटा नाही हेही सांगितलं.

याहून पुढची वाट माझ्याकडे शिकणारी चाळीसगावची एक मुलगी धरते आहे. जळगाव, धुळे, नाशिकला रोज पोटाचे सीटी निघतात, कुणाला मुतखडा, कुणाला अपेंडिक्स. त्या प्रत्येक चित्रात कमरेचे मणके असतात, बऱ्याचदा खुबेही. हाड बघायला ते काढलेलेच नसतात, म्हणून कुणी बघत नाही, आणि सीडी घरच्या कपाटात पडून राहते. पण ते त्रिमितीतलं माप आहे. जाडी त्यात आहे. नव्याने एकही किरण न लावता त्यातून दर घन सेंटिमीटरला किती खनिज आहे हे काढता येतं, बाईची उंची काही का असेना. परदेशात यावर दहा-पंधरा वर्षं काम चालू आहे. अडचण अशी की प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा वेगळा, नळीचं व्होल्टेज बदललं की आकडा बदलतो, शिरेतून औषध दिलेलं असलं की आणखी बदलतो. त्यामुळे आधी प्रत्येक यंत्रात माहीत असलेल्या घनतेचे हायड्रॉक्सिअपेटाइटचे, म्हणजे हाडातल्यासारख्या खनिजाचे, कांडे ठेवून तपासणी करावी लागेल. कांडे तयार आहेत. एका केंद्राने रात्री नऊनंतर यंत्र द्यायचं कबूल केलं आहे, दुसऱ्याचं पत्र यायचं आहे. जून लागायच्या आत दोन्हीकडची मापं घेऊन टाकू, असं तिचं म्हणणं.